माझ्या बाजूचा ब्रेक

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. मी ख्राइस्टचर्चला माणसांना गाडी शिकवते. छपरावर पिवळी पाटी, आत मी आणि शेजारी कुणीतरी घामाघूम झालेलं माणूस, असा माझा दिवस जातो. इथे चालत कुठे पोचता येत नाही. दूध आणायचं तर गाडी, डॉक्टरकडे जायचं तर गाडी, भिशीला जायचं तरी गाडी. त्यामुळे माझं बरं चाललंय.

पण मी मुळात कोण, हा प्रश्न आला की माझी पंचाईत होते. जन्म नाशिकचा, माहेरही तिथलंच. लग्न होऊन अमेरिकेत ओहायोला गेले, तिथे एकोणीस वर्षं काढली, हात वर करून शपथ घेतली आणि अमेरिकन झाले. मग इथे भूकंपानंतर शहर नव्याने बांधायला इंजिनियर हवे होते, म्हणून आमच्या ह्यांना नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. गोऱ्या विद्यार्थ्यांना माझ्या उच्चारावरून मी अमेरिकन वाटते. ते दबकत विचारतात, "तुम्ही अमेरिकन ना?" एखाद्याला दुखणं विचारावं तसं. अमेरिकन विद्यार्थी मला इंडियन समजतात. इंडियन दुकानातल्या बाई मला बघून आधी हसतात आणि मग म्हणतात, "तुम्ही तिकडच्या ना?" तिकडच्या म्हणजे कुठल्या, ते मी अजून विचारलेलं नाही.

मला स्वतःलाच याचं फार कुतूहल वाटतं, की माणूस नक्की कुठे अमेरिकन होतो? पासपोर्टावर होतो, ते ठीक. पण पासपोर्ट कपाटात असतो. उरलेला माणूस गाडी चालवतो ना! आणि गाडीत बसल्यावर माणसाचं खरं गाव बाहेर येतं, हे मी नऊ वर्षं शेजारच्या सीटवरून पाहतेय.

डेनिस नावाची एक नर्स माझ्याकडे आली होती, टेक्सासची. इथे गंमत अशी की अमेरिकन लायसन्स दाखवलं की इथलं मिळतं, परीक्षा नाही. जन्मभर उजवीकडून गाडी चालवलेल्या माणसाला डावीकडे सोडून देतात, आणि कोल्हापुरात जन्मभर डावीकडून चालवलेल्या माणसाची मात्र परीक्षा घेतात. असो. मलाही ते तसंच मिळालं, म्हणून मी फार बोलत नाही. तर डेनिसला राउंडअबाउटची धास्ती. आपल्याकडचं सर्कल म्हणा. ती सर्कलच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवायची आणि बाकीच्या ड्रायव्हरांच्या डोळ्यांत बघत बसायची. अमेरिकेत चौकात चारही बाजूंना थांबायचं असतं, मग एकमेकांकडे बघून, हात करून, आधी तुम्ही, मग मी, असं ठरतं. छान रीत आहे ती. मी तिला म्हटलं, "बाई गं, इथे कुणी नजर देत नाही. उजवीकडून कुणी येत नसेल तर निघायचं." तर ती म्हणाली, "पण मग ते मला ओळखणार कसं?" मला ते इतकं पटलं की पुढच्या सर्कलला मी तिला थांबू दिलं.

आता मुकुंदराव. मला खरं लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच.

मुकुंदराव कोल्हापूरचे, सदुसष्ट वर्षांचे. लाल डब्यावर एकतीस वर्षं ड्रायव्हर. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट, पावसाळ्यातसुद्धा. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. हे वाक्य ते भेटल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सांगायचे आणि निघताना पुन्हा. त्यांचा मुलगा अमोल इथे शिकायला आला, नोकरीला लागला, शहराच्या कडेला, हॉर्नबीला, घर घेतलं आणि आईवडिलांना कायमचं आणलं. आणल्यावर वर्षभरात सुशीलाताईंच्या, म्हणजे मुकुंदरावांच्या बायकोच्या, किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात डायलिसिस. अमोल गोदामात शिफ्टवर. तीनदा आईला सोडायचं, तीनदा आणायचं. त्याचा साहेब चांगला होता, पण चांगल्या साहेबालाही माल वेळेवर लागतो. सूनही कामाला जाणारी. तेव्हा मुकुंदरावांना लायसन्स मिळणं ही त्या घराची गरज होती, हौस नव्हती.

"मॅडम, आपल्याला शिकवायचं काय नाही," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "फकस्त हितले कायदे सांगा. गाडी आपण बघतो."

आणि गाडी ते खरोखर बघायचे. काय हात होता! गियर बदलल्याचं पोटातल्या पाण्याला कळायचं नाही. मी निवांत बसले. आणि पहिल्याच परीक्षेत ते नापास झाले.

कशात? ऐका. लाल डब्यात ड्रायव्हर उजव्या कोपऱ्यात बसतो. डावीकडचं मागचं त्याला दिसत नाही, ते कंडक्टरचं काम. कंडक्टर दोन टोले देतो, तेव्हा गाडी हलते. मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थापा मारत ओरडतो, येऊ द्या, येऊ द्या, बास. एकतीस वर्षं डावी बाजू दुसऱ्याच्या भरवशावर. आता इथे परीक्षा घेणारा साहेब बसतो तो डावीकडेच. मुकुंदरावांनी मोठ्या रस्त्याला लागण्याआधी उजवीकडे पाहिलं आणि साहेबाला विचारलं, "लेफ्ट क्लियर?"

साहेब म्हणाला, ते तुम्हीच ठरवायचं.

मुकुंदराव थांबले. कंडक्टरने सांगितल्याशिवाय ते कसे निघणार? रस्ता चार वेळा मोकळा झाला. मागे सहा गाड्या लागल्या. इथले लोक हॉर्न वाजवत नाहीत, म्हणून मुकुंदरावांना वाटलं सगळं ठीक आहे. शेवटी साहेबाने हळूच सांगितलं, आपण परत जाऊ या.

मी हसले. घरी येऊन पोट धरून हसले, आणि ह्यांना सांगताना तर डोळ्यांत पाणी आलं. आता त्याची लाज वाटते. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी विचारलं नाही, पण मान वळवून पाहिलंही नाही, आणि पुन्हा नापास झाले. इथे वळताना खांद्यावरून मागे बघावं लागतं, आरशात न दिसणारी जागा तपासायला. नुसती नजर चालत नाही, मान वळलेली साहेबाला दिसली पाहिजे.

"मान वळवली की म्होरचा रस्ता सुटतो, मॅडम. घाटात असं केलं असतं तर आज तुमच्यापुढं बसलो नसतो."

"इथे घाट नाही, मुकुंदराव."

"मग आरसा कशापाय दिलाय?"

महिनाभर आमचं हे चाललं. ते वैतागायचे, मी वैतागायचे. पण वळली हो मान! एके दिवशी आपसूक वळली आणि त्यांना कळलंही नाही. मी तिसऱ्या परीक्षेची वेळ घेतली. मिळाली ती दुपारी सव्वातीनची. म्हणून आम्ही सरावही त्याच वेळेला ठेवला, आणि तिथे घात झाला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ओहायोत मी अकरा वर्षं शाळेची बस चालवली. मोठी पिवळी बस. मुलं उतरायला लागली की मी एक खटका दाबायचे. बसच्या अंगातून 'थांबा'ची पाटी बाहेर यायची, लाल दिवे लागायचे आणि अख्खा रस्ता थांबायचा. मागचा, समोरचा, ट्रक, पोलीस, सगळे. शेवटचं पोर अंगणात जाईपर्यंत कुणाची चाक फिरवायची हिंमत नव्हती. घरी मला कुणी विचारत नव्हतं, पण रोज दुपारी तीन वाजता ओहायो राज्य माझ्यासाठी थांबायचं! शपथ मी तोंडाने घेतली होती, पण मुरली ती पायात. उभी असलेली शाळेची बस दिसली की माझा पाय खाली जातो. डोकं मध्ये येतच नाही.

आणि न्यूझीलंडमध्ये थांबायचं नसतं. उतरणाऱ्या मुलांच्या बसशेजारून वीसच्या वेगाने जायचं असतं. वीस म्हणजे वीस, पण चालत राहायचं. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवते. स्वतः मात्र तीनच्या सुमारास ज्या रस्त्यांना शाळेच्या बसेस असतात तिकडे फिरकतच नव्हते. तेवढ्या वेळात मी चहा घ्यायचे.

त्या दिवशी हॉर्नबीच्या पुढे, जिथून शेतं सुरू होतात तिथे, समोरून आलेली शाळेची बस पलीकडच्या बाजूला थांबली. मुकुंदरावांनी पाहिलं, वेग उतरवला, तीस, पंचवीस, वीस. अगदी शिकवल्यासारखं. बसमागून दप्तर घेतलेली एक मुलगी गवतावर आली आणि तिथेच उभी राहिली. आणि माझा पाय खाली गेला.

गाडी जागच्या जागी रुतली. मागून धाडकन आवाज आला. एका यूटने, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्या इथल्या गाडीने, आम्हाला ठोकलं होतं. कुणाला लागलं नाही. बंपर आत गेला एवढंच.

मुकुंदराव स्टिअरिंग धरून बसले होते.

"मॅडम, मी येवढ्या जोरात दाबला?"

त्यांचा पायही त्या वेळी ब्रेकवरच होता ना. त्यांना वाटलं त्यांचाच दाबला गेला. हाच तो क्षण होता. "नाही हो, मी दाबला" एवढे चार शब्द. पण मी प्रशिक्षक. छपरावर पाटी माझी. मी म्हणाले, "होतं कधी कधी."

यूटवाला उतरून आला. क्रेग नावाचा सुतार, अर्ध्या चड्डीत, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. तो सॉरी म्हणायच्या आत मुकुंदरावांनी उतरून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माय मिस्टेक, सर. माय मिस्टेक." तो बिचारा म्हणतोय, ऑल गुड, ऑल गुड, आणि हे हात सोडत नाहीत. मी मधे उभी, फोन नंबर लिहून घेत होते. फार बारीक लक्ष देऊन लिहीत होते.

चार दिवसांनी अमोलचा फोन आला. "काकू, परीक्षा रद्द करा. बाबा म्हणतात, हात गेला माझा. किल्लीला शिवायला तयार नाहीत."

"अरे, समजाव त्यांना."

"समजावलं हो. म्हणतात एकतीस वर्षांत झालं नाही ते झालं, आता आईला शेजारी बसवून धोका घेणार नाही. आणि आई वेगळंच घेऊन बसलीय. म्हणते, पोराची नोकरी जाईल माझ्यापायी, आपण कोल्हापूरला परत जाऊ, तिथे दारात रिक्षा तरी मिळते. काकू, दोघांनी तिकिटं बघायला सांगितलीत."

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पण कुणाला कळलंय का?"

"नाही."

"मग?"

काय मग! तेच तर. मला कुणी पकडलं असतं तर मी चटकन कबूल करून मोकळी झाले असते. तीन आठवडे मी रोज ठरवत होते, उद्या जाते. शिकवणं चालूच होतं. कुणाची मान वळली नाही की मी ओरडायचे, आणि ओरडल्यावर मला स्वतःचाच राग यायचा. शेवटी एका शनिवारी दुपारची शिकवणी संपल्यावर गाडी घराकडे न नेता हॉर्नबीला नेली. उद्या म्हटलं असतं तर गेलेच नसते.

मुकुंदराव पुढच्या खोलीत बसले होते. सुशीलाताई मटार सोलत होत्या. त्यांनी चहाचं विचारलं, मी नको म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ब्रेक मी दाबला. तुम्ही बरोबर चालवत होतात. ओहायो, पिवळी बस, पाय, सगळं सांगितलं.

आधी बोलल्या सुशीलाताई. मटाराचं ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "बाई, तीन आठवडे हा माणूस धड जेवला नाही. झोपेत पाय हलवतोय. आणि तुम्ही आज येताय?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे? ठोकर चुकून झाली, ते मान्य. पण नंतर गप बसलात ते काय चुकून व्हय?"

मी उभी राहिले. बसा म्हणावं असंही त्यांना वाटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग मुकुंदराव बोलले, अगदी हळू. "मॅडम, एकतीस वर्षांत कितीदा तरी कंडक्टरचं चुकलं. डेपोत साहेबांपुढं मी कधी त्याच्यावर ढकललं नाही. माझं चुकलं असताना त्यानं माझ्यावर ढकललं असतं, तर चाललं असतं. पण माझं चुकलं नव्हतं."

"नव्हतं चुकलं."

"त्या यूटवाल्यापुढं मी काय म्हणालो होतो?"

"तुम्ही म्हणालात, माझी चूक."

"मग त्याला सांगा. आत्ता. माझ्यादेखत."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते ताठ बसले होते. मी क्रेगला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. इतक्या वर्षांत माझं इंग्रजी एवढं कधी अडखळलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीची ठोकर, गाडी चालवत होते त्या गृहस्थांची चूक नव्हती, ब्रेक मी दाबला, हे सांगायला फोन केलाय, असं म्हटलं.

पलीकडे हातोडीचा आवाज थांबला. "ते म्हातारबाबा? ज्यांनी माझा हात धरला होता? बरे आहेत ना?"

"बरे आहेत. पण त्यांना वाटत होतं चूक त्यांची."

"छे! चूक माझी होती. मी फार चिकटून चाललो होतो. बायको त्या दिवसापासून तेच बोलतेय. त्यांना सांग, स्वीट अ‍ॅज. सगळं ठीक, काही मनात नाही."

"काय म्हणतो?" मुकुंदराव.

मी शब्दाला शब्द सांगितलं. एका ठोकरीचे तीन धनी निघाले होते, आणि त्यातला ज्याचा काहीच दोष नव्हता तोच तीन आठवडे उपाशी बसला होता. मुकुंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. मिशीवरून हात फिरवला. आणि मग तीन आठवड्यांत घरात कुणी ऐकला नव्हता तो आवाज काढून म्हणाले, "त्याला म्हणावं, दोन गाड्यांत अंतर ठेवत जा. दर वेळी बंपरवर भागत नाही."

मी तेही शब्दाला शब्द सांगितलं. क्रेग म्हणाला, "येस सर."

एवढं इंग्रजी मुकुंदरावांना कळलं. ते उठले. "सुशीला, बूट कुठं हैत माझे?"

"आत्ता? साडेपाच वाजले."

"उजेड हाय की अजून."

सुशीलाताईंनी बूट आणून दिले. माझ्याकडे बघितलं नाही, पण ताटातल्या चार शेंगा उचलून माझ्या हातावर ठेवल्या. का, ते मी विचारलं नाही. पुढे मुकुंदराव पास झाले, आणि आता सुशीलाताईंना तेच नेतात, तेच आणतात. कोल्हापूरची तिकिटं निघाली नाहीत. सुशीलाताई मला अजून 'बाई'च म्हणतात, 'ताई' म्हणत नाहीत. पण मला मुकुंदरावांच्या पास होण्यापेक्षा ती संध्याकाळच जास्त आठवते.

ते उजवीकडे बसले, मी डावीकडे. पट्टा लावला, आरसा बघितला, मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं. सगळं झालं. गाडी मात्र सुरू करेनात.

"काय झालं, मुकुंदराव?"

त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"वर घ्या."

मी चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि चक्क मांडी घालून बसले. मग त्यांनी गाडी काढली.